झोपण्यापूर्वी चार्जर काढला का?

आमचे घर जव्हारला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे. जुने कौलारू घर. पुढे बाहेरची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि मोरी. मोरीच्या पलीकडे शेजाऱ्यांची भिंत. आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दार एकच, रस्त्याच्या बाजूचे. चाळीस वर्षे या घरात राहते आहे, पण हे दार एकच आहे याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायची वेळ एका बॅटरीने आणली.

माझा मुलगा मोखाड्याला एका दुकानात हिशेबाचे काम करतो. रोजचे जाणे-येणे, चढ-उताराचा रस्ता आणि पेट्रोलचा खर्च. पगारातला मोठा हिस्सा टाकीतच जायचा. म्हणून त्याने बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली. आम्ही सगळे खूश झालो. आवाज नाही, धूर नाही, महिन्याला बरे पैसे वाचू लागले. या गाडीची बॅटरी काढता येते. संध्याकाळी तो ती डब्यासारखी हातात घेऊन यायचा आणि बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या प्लगला लावायचा. रात्रभर चार्जिंग आणि सकाळी निघायचे. त्याच खोलीत मी झोपते आणि माझ्या कुशीत माझा सात वर्षांचा नातू.

२०२४ च्या रमजानमधली गोष्ट. ३ एप्रिलला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातून बातमी आली. पहाटे चारच्या सुमारास खाली कपड्यांच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जणांचा धुराने गुदमरून मृत्यू झाला. त्यात दोन लहान मुले होती. दुकानात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीमुळे आग लागली असावी, असा तेव्हा प्राथमिक अंदाज होता. सहरीच्या वेळेला एक भरलेले घर संपले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्या संध्याकाळी इफ्तारनंतर मी मुलाला म्हटले, "बेटा, ही बॅटरी दारात नको लावूस."

तो हसून म्हणाला, "अम्मी, लाखो गाड्या चालतात. कुठेतरी एखादी पेटते. पेट्रोलच्या गाड्या पेटत नाहीत का?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी गप्प बसले. पण पेट्रोलची गाडी आपण उशाशी आणून ठेवत नाही, हे उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो. जाते, येते, आली की दिवे लखकन मोठे होतात. अशाच एका झटक्यात गाडीचा चार्जर जळाला. कंपनीचा चार्जर महाग, म्हणून मुलाने एका दुकानातून स्वस्तातला आणला. दुकानदार म्हणाला, पिन बसते ना, मग चालेल. आठ-दहा दिवस चाललाही.

एका रात्री अडीच-तीनच्या सुमारास मला जाग आली. खोलीत वेगळाच वास येत होता, नेलपॉलिशसारखा गोडसर आणि उग्र. दिवा लावून पाहिले तर बॅटरीची एक बाजू फुगलेली. हात जवळ नेला तर धग लागली. मी प्लगचे बटण बंद केले आणि मुलाला हाक मारली. त्याने गोधडीत गुंडाळून बॅटरी उचलली आणि रस्त्याच्या कडेला पावसात नेऊन ठेवली. आम्ही दोघे पहाटेपर्यंत दारात बसून तिच्याकडे पाहत होतो. पेटली नाही, अल्हमदुलिल्लाह. नातू शेवटपर्यंत झोपेतच होता.

आम्ही केले तेही चुकीचेच होते, हे नंतर समजले. नाशिकला पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा माझा पुतण्या ईदला आला, तेव्हा त्याने सगळे समजावून सांगितले. या बॅटरीत लहान-लहान सेल एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन थर आणि त्यांच्या मध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा. आत भरलेला द्रव पेट घेणारा. मार लागून, पाणी शिरून, जास्त चार्ज होऊन किंवा मुळातल्या दोषाने तो पडदा फाटला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. एक सेल तापतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. एकदा ही साखळी सुरू झाली की बटण बंद करूनही थांबत नाही. धूर विषारी असतो. विझली असे वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

"चाची," तो म्हणाला, "फुगलेली, तापलेली बॅटरी उचलायला जायचेच नाही. आधी माणसे बाहेर काढायची आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा."

आणि आमची माणसे बाहेर कशी निघाली असती? दार एकच, आणि बॅटरी त्याच दारात.

मग त्याने वसईची घटना सांगितली. वसई आपल्याच पालघर जिल्ह्यातली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे एका घरात रात्री स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्या खोलीत आजीजवळ झोपलेला मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात वारला. त्याचे वय सात वर्षे. हे ऐकताना मी नातवाकडे पाहूच शकले नाही. ती आजी कशी जगत असेल, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

त्या वर्षी देशात अशा घटना लागोपाठ घडल्या. सप्टेंबरमध्येच सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागून वरच्या हॉटेलातले आठ जण मरण पावले. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. १ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. म्हणून नवी गाडी घेताना तिची बॅटरी या नियमांत बसते का, हे लेखी विचारावे. जुनी गाडी किंवा बाहेरून जोडलेली बॅटरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

आमच्या घरात आता काही गोष्टी ठरल्या आहेत. नाशिकहून नवी बॅटरी आणि कंपनीचाच चार्जर आणला. त्यासाठी सुनेने साठवलेले पैसे गेले, पण ती एका शब्दाने बोलली नाही. चार्जिंग आता अंगणातल्या पत्र्याखाली, फरशीवर, घराच्या दारापासून लांब. पाऊस आत येत नाही अशी जागा मुलाने स्वतः करून घेतली. मोखाड्याहून आल्यावर बॅटरी तापलेली असते, ती निवल्याशिवाय प्लगला लावत नाही. एक्स्टेंशनची वायर वापरत नाही. आणि सगळे झोपण्यापूर्वी चार्जर काढलाच पाहिजे. कधी चार्जिंग अपुरे राहते. त्या दिवशी तो एसटीने जातो.

माझे अब्बा रात्री झोपण्यापूर्वी घरभर फिरत. चुलीतला निखारा विझला का, चिमणी फुंकली का, हे स्वतः पाहत. आम्ही मुले हसायचो. ते सांगत, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आहे. मदीन्यात एकदा रात्री एक घर रहिवाशांसह जळाले, तेव्हा त्यांनी झोपताना घरातली आग विझवायला सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. चिमणी गेली, चूल गेली, आणि आम्हाला वाटले की आता घरात आग उरली नाही. ती भिंतीच्या प्लगला लागलेल्या डब्यात शांत बसली होती, म्हणून ओळखू आली नाही.

आमच्या भागात या गाड्या वाढत आहेत. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या लहान गाडीला लायसन्स लागत नाही, म्हणून कॉलेजची मुले त्याच घेतात. पाड्यापाड्यांवर घरे कुडाची, रस्ते अरुंद. तिथे बंब पोहोचेपर्यंत काय उरेल? गाडी घेऊ नका असे मी म्हणणार नाही. आमच्या मुलाची रोजी त्याच गाडीवर चालते.

आता रात्री दाराची कडी लावण्याआधी मी अंगणात जाऊन प्लग पाहते. नातूही सोबत येतो. परवा मी विसरले, तर अंथरुणातून तोच म्हणाला, "दादी, चार्जर पाहिला का?"