एक सूत

माझ्या बैठकीत पुस्तकांचं एक कपाट आहे. त्याच्या वरच्या फळ्यांना पुढून नेहमीची बारीक बीडिंग आहे. खालच्या दोन फळ्यांना मात्र सागाची वेगळी पट्टी लावलेली आहे, तीन सूत रुंद. घरी येणारा कुणी ना कुणी ती पट्टी पाहून विचारतोच. मी दोन वर्षं एकच उत्तर देत आलो, "डिझाइन आहे ते." हे उत्तर खोटं आहे, आणि खरं काय ते लिहूनच टाकावं असं आता वाटतं.

1988 ते 2021 मी भिवंडी तालुक्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. राहायला दापोड्यातच, वाडवडिलांच्या जागेवर. वर्गात एखादा पोरगा फळ्यापाशी अडला, की माझं एक वाक्य ठरलेलं असे: "नको शिकू. रंधा मारायला गणित लागत नाही." वर्ग हसायचा. मला ते माझं विनोदाचं अंग वाटायचं.

वाक्यापुरतं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी तसा वागायचोही. कोठारी आयोगाने 1964 ते 66 मध्ये शिक्षणात हाताच्या कामाला जागा द्या म्हणून सांगितलं होतं. त्यातूनच आपल्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' हा विषय आला. आमच्या शाळेत तो तास असायचा फक्त वेळापत्रकात. दहावीच्या वर्गाचा तो तास मी दरवर्षी मागून घ्यायचो आणि बीजगणिताचे सराव पेपर सोडवून घ्यायचो. मुख्याध्यापक खूश, पालक खूश. शाळेच्या अडगळीत एक सुतारी पेटी होती, आतली करवत गंजून गेलेली. ती पेटी उघडलेली मी तेहतीस वर्षांत एकदाही पाहिली नाही.

हा तुच्छपणा माझ्यात आला कुठून? उगम शोधायला गेलं की एक चित्र डोळ्यांपुढे येतं. मी सात-आठ वर्षांचा असेन. खळ्यात भाताची रास पडली आहे आणि एका कडेला गावचा सुतार टोपली घेऊन उभा आहे. वर्षभर आमचा नांगर त्यानेच नीट ठेवलेला, पण उभा मात्र मागायला आल्यासारखा. आजोबा त्याच्या टोपलीत भात टाकत होते आणि तो मान खाली घालून बघत होता. त्या वयात मला एवढंच कळलं, की हाताने काम करणाऱ्याला दुसऱ्याच्या खळ्यावर उभं राहावं लागतं. तो मजुरी घ्यायला आला होता आणि उशीर आमच्याकडून झाला होता, हे कळायला पुढची पन्नास वर्षं गेली.

पुढे खळीच गेली. मुंबईची जकात चुकवायला व्यापाऱ्यांना शहराच्या हद्दीबाहेर माल ठेवायला जागा हवी होती. दापोडे, वळ, पूर्णा, माणकोली अशा गावांत भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत, उलट आणखी मोठी झाली. आमच्या पोरांपुढे दोनच स्वप्नं उरली: गाळ्याचं भाडं किंवा गोदामात सुपरवायझरची खुर्ची. सुतारकाम राजस्थान-यूपीहून आलेले मिस्त्री करायचे. ते आपल्यातल्यांचं काम नव्हेच, असं सगळेच मानायचे, आणि सगळ्यांत मी होतो.

2009 मध्ये एक मुलगा दहावीला गणितात नापास झाला. त्याचे वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, पोऱ्याचं काय करू?" त्यांनी विचारलं. मी मुलाकडे न बघताच म्हणालो, "डोकं चालत नाही तर हात चालवू दे. आयटीआयला कारपेंटर ट्रेडला टाका. आठवी पासवर घेतात, वर्षभराचा कोर्स आहे. सुतार होईल."

सल्ला चुकीचा नव्हता, पण मी तो शिवीसारखा दिला होता. 'सुतार' हा शब्द मी कोणत्या सुरात उच्चारला हे मला ठाऊक आहे. त्या सुरात जातही होती. ती मला तेव्हा कळली नव्हती असं म्हणायची सोय नाही, कारण मी गणिताचा मास्तर होतो, अडाणी नव्हतो.

मध्ये तेरा वर्षं गेली. निवृत्तीनंतर पुस्तकांसाठी कपाट करायचं ठरलं. आराखडा अर्थातच मी काढला. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. पुस्तकांना खोली बारा इंच पुरे. अठ्ठेचाळीस भागिले चार, बरोबर बारा. एका शीटमधून आठ फूट लांबीच्या चार पट्ट्या निघणार आणि एक कणही वाया जाणार नाही. इतका नेटका हिशेब बऱ्याच दिवसांनी जमला म्हणून मी स्वतःवर खूश होतो. मिस्त्री यायच्या आधीच दुकानातून शीट कापून आणायची ठरवली. मशीनवरच्या पोराने माझा कागद वाचला आणि म्हणाला, "साब, बारा-बारा पूरा नहीं बैठेगा." मी त्याला म्हणालो, "मैं मॅथ्स का टीचर हूं. लिखा है वैसा काटो." त्याने कापलं.

घरी आणून मोजलं तर चौथी पट्टी कमी भरली. मी फोन करून दुकानदाराला नाही नाही ते बोललो. शीटच कमी मापाची दिली, असा माझा आरोप होता. नेहमीचा मिस्त्री गावाला गेलेला, म्हणून शेजाऱ्यांनी काल्हेरच्या बाजूला गाळा असलेल्या एकाला पाठवलं. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार सर. ओळखलंत का?"

तोच मुलगा. आता तिशीकडे आलेला, कानावर पेन्सिल, कमरेला टेप.

त्याने पट्ट्या मोजल्या, माझा कागद पाहिला, आणि हळूच विचारलं, "सर, पातं किती खातं ते धरलंत का?"

मला प्रश्नच कळला नाही.

"करवतीचं पातं लाकडातून जातं तेव्हा त्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जातं. एका कापाला साधारण एक सूत. चार पट्ट्या म्हणजे तीन काप. तीन सूत गेले. शीट बरोबरच आहे, सर."

आठ सुतांचा एक इंच. अठ्ठेचाळीसातून तीन वेळा बारा आणि वर तीन सूत वजा केले की चौथी पट्टी अकरा इंच पाच सुतांची. सहावीतल्या पोराला जमावी अशी वजाबाकी. मी तेहतीस वर्षं भागाकार शिकवला, पण कापायला गेलं की काहीतरी जातं, हे माझ्या एकाही उदाहरणात कधी आलं नव्हतं. माझ्या पुस्तकातली सगळी लाकडं फुकट कापली जायची. मशीनवरच्या त्या पोराने हेच सांगितलं होतं, आणि मी त्याच्या तोंडावर माझी पदवी मारली होती.

तो तेवढ्यावर थांबला नाही. "आणि सर, चार फुटांची फळी मध्ये आधाराशिवाय ठेवू नका. पुस्तकांच्या वजनाने पोट काढेल. मध्ये उभा पार्टिशन टाकू." रात्री मी बीजगणित काढून बसलो. सारखं वजन पसरलेली फळी किती वाकते ते तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं. लांबी निम्मी केली की झोळ सोळाव्या हिश्शावर येतो. जे मला कागदावर अर्ध्या तासाने सापडलं ते त्याने उभ्या उभ्या सांगितलं होतं. त्या रात्री मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटला.

आता इथे गोष्ट संपवता आली असती. पण त्या आदरातही खोट होती, आणि ती दुसऱ्या दिवशी उघडी पडली.

कमी भरलेल्या पट्टीला पुढून सागाची पट्टी जोडायची होती. आमच्या जुन्या घराच्या दाराची एक सागवानी फळी मी जपून ठेवली होती, ती मी त्याला दिली. त्याने रंधा लावला. पहिल्याच फटक्याला लाकडाची कुसळं उचकटली. तो थांबला, फळीवरून बोट फिरवलं, फळी फिरवून दुसऱ्या बाजूने धरली आणि पुन्हा रंधा मारला. कागदासारखा पातळ सलग काप निघाला. "कसं कळलं?" मी विचारलं. "रेषा उलट्या होत्या. हाताला कळतं, सर."

मी रंधा मागून घेतला. दहा मिनिटं घाम गाळला. फळीवर खड्डे पडले. याला सूत्र नव्हतं. ज्या रंध्याला गणित लागत नाही म्हणून मी पोरांना हिणवलं, त्याच्या खाली मी नापास होत होतो.

तेव्हा लक्षात आलं, आदल्या रात्रीचा माझा आदर त्याला नव्हताच. तो माझ्याच विषयाला होता. सुतारकीत गणित सापडलं म्हणून ती मला चांगल्या घरातली वाटायला लागली होती. ज्या भागात गणित नाही, फक्त हात आहे, तो भाग मी अजूनही खालीच बसवला होता.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. माझा भाचा कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथल्या सॅन मार्कोस गावच्या पालोमार कॉलेजात, म्हणजे सरकारी कम्युनिटी कॉलेजात, फर्निचर आणि कॅबिनेट बनवण्याचे रीतसर वर्ग चालतात. तो संध्याकाळी तिथे जायचा. त्याने स्वतः केलेल्या स्टुलाचा फोटो मी नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, "हाताला वळण लागतं!" तेच काम दापोड्याच्या पोराने पोटासाठी शिकावं, तर ती शिक्षा. भाच्याचं स्टूल डुगडुगतं, हेही इथे सांगायला हवं.

काम संपल्यावर चहा घेताना मी म्हणालो, "तेव्हा मी जे बोललो..." त्याने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाला, "आयटीआय बरंच झालं, सर. पहिला महिना नुसती पटाशीला धार लावायची आणि रेघ वाचवून करवत चालवायची. मग एका किचनवाल्याकडे अप्रेंटिस. आता चार माणसं आहेत माझ्याकडे." थोडा थांबून, कप खाली ठेवत तो म्हणाला, "फक्त बाबा त्या दिवसानंतर महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर." जाऊ द्या म्हणणं त्याच्या हातात होतं. महिना परत आणणं दोघांच्याही हातात नव्हतं.

'सुतार' हा शब्द सूत्रधारापासून आला, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, भाषेची गंमत म्हणून. सूत धरणारा तो सूत्रधार. एका सुताचं मोल मात्र मला कळलं नव्हतं.

केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 ला विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यातल्या 18 व्यवसायांत सुतारकी आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून हाताचे व्यवसाय आणि दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. हे सगळं चांगलंच आहे. पण कोठारी आयोगही चांगलाच होता. तो अडला तो माझ्यासारख्यांच्या वेळापत्रकात.

जे अजून शिकवताहेत त्यांच्याकडे म्हणून एकच मागणं आहे. तुमच्या शाळेच्या अडगळीत ती पेटी असेल तर उघडा. करवतीला धार लावून आणा. आणि कार्यानुभवाचा तास गणिताला देऊ नका. मी घेतला होता.