मासिकासाठी भौतिकशास्त्र लिहिताना

सर्वसाधारण मासिकातला भौतिकशास्त्रावरचा लेख अशा वाचकासाठी असतो, ज्याने शाळा सुटल्यावर या विषयाकडे पुन्हा पाहिलेले नसते. त्याला परीक्षा द्यायची नसते, त्यामुळे कंटाळा आला की तो सरळ पान उलटतो. जागा दोन-तीन पानांचीच असते. समीकरण छापायला संपादक नाखूश असतात आणि आकृती मिळाली तर एखादीच मिळते. या चौकटीत नियम, त्यामागचे कारण आणि निदान एक आकडा एवढे बसवायचे असते.

मराठीत या लेखनाला जुनी परंपरा आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक 1928 साली पुण्यात सुरू झाले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गो. रा. परांजपे यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. मराठी विज्ञान परिषद 1966 साली मुंबईत स्थापन झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 1974 साली ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. या परंपरेची केंद्रे पुण्या-मुंबईत असल्याने उदाहरणेही बरीचशी तिकडची येत राहिली: लोकल गाडी, लिफ्ट, समुद्राची भरती. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळला राहून लिहिणाऱ्याला, म्हणजे प्रस्तुत लेखकाला, पहिला शोध घ्यावा लागला तो उदाहरणांचा.

त्यातले सर्वांत उपयोगी पडले ते बोअरचे. चार-पाचशे फूट बोअर घेतलेल्या शेतकऱ्याला मोटार पाण्यात खाली का सोडावी लागते हे सवयीने माहीत असते. कारण मात्र बहुधा माहीत नसते. वर बसवलेला पंप पाणी ओढत नाही. तो नळीतला हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब जेमतेम 10.3 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. सहाशे मीटरच्या आसपास उंची असलेल्या लातूरच्या पठारावर ही मर्यादा साडेनऊ मीटरपर्यंत उतरते. प्रत्यक्षात घर्षण आणि गळती यांमुळे ती आणखी खाली येते. त्याहून खोल पाणी वर आणायचे तर खालूनच ढकलले पाहिजे, म्हणून सबमर्सिबल मोटार लागते. याच लेखात ऊर्जेचा हिशेबही बसला. दीडशे मीटर खोलीवरून दर सेकंदाला एक लिटर पाणी उचलायला सुमारे 1,470 वॅट, म्हणजे जवळपास दोन एचपी लागतात. मोटार आणि पंप यांत होणारा नाश धरला तर हा आकडा दुपटीच्या घरात जातो. गुणाकाराची ही एक ओळ वाचकांनी वगळली नाही. उलट आपापल्या बोअरची खोली घालून हिशेब केल्याचे काहींनी कळवले.

दुसरा विषय भूकंपाचा होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला 6.2 परिमाणाचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे दगावली. भुजच्या 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचे परिमाण 7.7 होते. या दोन आकड्यांत फरक दीडाचाच दिसतो; पण परिमाण एकाने वाढले की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पटींनी वाढते. त्या हिशेबाने भुजची ऊर्जा किल्लारीच्या पावणेदोनशे पटींच्या जवळपास येते. मग किल्लारीत एवढा विध्वंस का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतोच. केंद्र उथळ होते, वेळ झोपेची होती आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर माळवदाचे जड छत होते. परिमाण भूकंपाचे असते आणि तीव्रता त्या-त्या गावापुरती असते, हा भेद अशा उदाहरणाने पक्का होतो. मात्र ज्या घरांनी माणसे गमावली त्यांच्यापर्यंतही हा अंक जातो. म्हणून या लेखात उपमा वापरली नाही आणि वर्णनही आवरते ठेवले.

काही लेखांत वाचकाला स्वतः मोजता येईल असे काही देता येते. शिरूर अनंतपाळ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, 18 अंशांहून थोड्या अधिक उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. उभ्या काठीची सावली तेव्हा काही क्षण तिच्या बुडाशी नाहीशी होते. घड्याळात त्या वेळी बारा वाजलेले नसतात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि हे गाव त्याच्या पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली की माध्यान्ह तेवीस मिनिटांच्या आसपास उशिरा येते. सूर्याच्या वर्षभरातल्या असमान गतीमुळे त्यात आणखी काही मिनिटांचा फरक पडतो. म्हणून मे महिन्यात वेळ बारा वाजून वीस मिनिटांच्या जवळ येते आणि जुलैत साडेबाराच्या. जुलैत ढगांमुळे निरीक्षण बहुधा हुकते. लेख त्यामुळे मेच्या अंकात यावा लागतो आणि हस्तलिखित मार्चमध्येच पाठवावे लागते.

रोजच्या अनुभवात ज्याला काहीच जोड नाही, असे विषय सर्वांत अवघड. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्याच्या खर्चाला केंद्र सरकारने 2023 साली मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. त्या वेधशाळांच्या चार किलोमीटर लांब भुजेत तेव्हा झालेला लांबीचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. इथे उपमा हाताशी येते, पण तळ्यातल्या तरंगाची उपमा पाणी हलल्याचे सांगते. लांबी बदलल्याचे सांगत नाही. त्यामुळे ‘काय मोजले’ हे आधी आणि ‘कशासारखे’ हे नंतर, असा क्रम लेखकाने ठरवून घेतला.

संपादनात लेख आखडतो. कापायचे झाल्यास शास्त्रज्ञांची चरित्रे, शोधाच्या आख्यायिका आणि विशेषणे जाऊ द्यावीत. समीकरणही जाऊ द्यावे, त्याचे शब्दांत रूप देता येते. कारणांची साखळी आणि आकडा मात्र जाऊ देऊ नये. साखळीतली एक कडी गळली की उरते ती निव्वळ माहिती, आणि आकडा गेला की विधान तपासता येत नाही. तालुक्याच्या गावी राहून असे लेखन करू इच्छिणाऱ्यांनी विषयासाठी दूर पाहण्याआधी आपल्या शिवारातली एक गोष्ट मोजावी, आकडा दुसऱ्याकडून तपासून घ्यावा आणि मगच लिहायला बसावे.