हौद्यातले वजन आणि केबिनमधली माणसे

शेताच्या कामालाही उपयोगी आणि घरच्या माणसांनाही सोयीची अशी पिकअप गाडी कोणती घ्यावी, हे वाचकांना सोप्या भाषेत सांगावे, असे या अंकाच्या संपादकांनी मला कळविले. अपघातग्रस्त मोटारींचे सर्वेक्षण आणि नुकसानीचे मूल्यमापन हा माझा व्यवसाय असल्यामुळे, आणि माझ्यापुढे येणारी गाडी दुकानाच्या काचेआडून नव्हे तर बहुधा क्रेनने ओढून आलेली असल्यामुळे, ही विचारणा मला उचित वाटली. तिला होकार देण्यास आणखी एक कारण घडले. गेल्या वर्षी माझ्या हातून गेलेले एक प्रकरण अद्याप मनातून उतरलेले नाही; त्यातील प्रत्येक दस्तऐवज मला आजही बिनचूक वाटतो, आणि तरीही ते आठवले की स्वस्थता लाभत नाही.

निफाड, दिंडोरी, चांदवड या आमच्या तालुक्यांत पिकअपचे स्थान काय आहे हे बाहेरच्या माणसाला चटकन उमजणार नाही. पहाटे जी गाडी पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरविते किंवा लासलगावी मोकळा कांदा ओतते, तीच दुपारी आजारी आईला नाशिकच्या दवाखान्यात नेते आणि आठवड्याअखेर वणीच्या देवीचा नवस फेडायला निघते. एकाच सांगाड्यावर काम आणि कुटुंब या दोहोंची सोय करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९८८ साली टेल्कोने टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आणली, आणि पुढे १९९४ साली आलेली, ग्रामीण महाराष्ट्राची लाडकी ठरलेली सुमो त्याच कुळातील होती. आज ही गरज भागविण्यासाठी महिंद्राची बोलेरो कॅम्पर किंवा टाटाची योद्धा क्रू कॅब अशा दोन केबिनच्या गाड्या मिळतात: पुढे दोन रांगांत पाच माणसे, मागे आखूड हौदा. नावांविषयी माझा आग्रह नाही. माझा आग्रह आहे तो एका वजाबाकीविषयी.

गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल एकूण वजन असे दोन आकडे असतात. या दोहोंतील अंतर म्हणजे गाडीवर चढणाऱ्या सर्वांचा मिळून हिस्सा. त्यात माणसे आली, माल आला, आणि नंतर हौसेने बसविलेले लोखंडी गार्ड, वरचा सांगाडा, ताडपत्री, जादा स्टेपनी हेही आले. 'हजार किलोची गाडी' या शब्दांनी जो गैरसमज माजविला आहे त्याला तोड नाही. समजा, हे अंतर हजार किलो आहे. पाच मोठी माणसे बसली की साडेतीनशे किलो गेले. बसविलेल्या लोखंडाचे सत्तर धरले तर उरले पाचशे ऐंशी. टोमॅटोचा एक क्रेट वीस किलोंचा मानतात. म्हणजे कुटुंब सोबत असता जेमतेम एकोणतीस क्रेट. शेतकऱ्याच्या मनातला हिशेब मात्र पन्नासाचा असतो, आणि तो हिशेब त्याला कोणी ना कोणी विक्रीच्या वेळी करून दिलेला असतो.

वजन किती, याइतकेच ते कोठे आहे यालाही महत्त्व आहे. दोन केबिनच्या गाडीचा हौदा आखूड असल्यामुळे माल एकतर उंच रचला जातो, नाहीतर फाळका उघडा सोडून मागे सारला जातो. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या आसाच्या साठ सेंटिमीटर पलीकडे तीनशे किलो ठेवले, तर मागच्या आसावर तीनशे नव्हे, तीनशे साठ किलोंचा भार येतो आणि पुढची चाके साठ किलोंनी हलकी होतात. दिशा देणारी चाके ती हीच, आणि थांबविण्याचे बहुतांश काम करणारीही हीच.

आता मी ज्या तपशिलात शिरतो आहे तो सर्वसामान्य वाचकाला क्लिष्ट वाटण्याचा संभव आहे. पण तो वगळून मला पुढे जाता येणार नाही. पिकअपच्या मागच्या आसावर पोलादी पाटे असतात. माल वाढला की गाडी मागून बसते, आणि ती बसलेली पाहून मालक गॅरेजात जाऊन 'दोन पाटे वाढवा' म्हणतो. पाटे वाढविले की गाडी बसत नाही, म्हणून मालक निश्चिंत होतो. परंतु बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर एक झडप असते, जिचा दांडा चासी आणि आस यांमधील अंतर मोजत असतो. गाडी रिकामी असता हे अंतर मोठे असते; तेव्हा हलकी झालेली मागची चाके ब्रेक लागताच जाम होऊन गाडीची शेपूट फिरू नये म्हणून ही झडप मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवते. गाडी भरली, बसली, अंतर घटले की तीच झडप दाब वाढविते. पाटे वाढविलेली गाडी भरूनही बसत नाही. साहजिकच झडप तिला रिकामीच समजते आणि मागचा ब्रेक अर्धवट लावते. मग घाट उतरताना भरल्या गाडीचा सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, ते तापतात, पेडल खाली जाऊ लागते. काही कारागीर तर या झडपेचा दांडा तारेने बांधून टाकतात. तशा गाडीचे मागचे चाक पावसात रिकाम्या फेरीला केव्हा घसरेल याचा नेम नाही. जादा पाट्यांची गाडी रिकामी धावताना मागे बसलेल्या लेकरांची हाडे किती खिळखिळी होतात हे त्यांच्या आयाच सांगू शकतील.

प्रस्तुत प्रकरणातील गाडी अशीच होती. दिंडोरी तालुक्यातील एका कष्टाळू बागाईतदाराने दोन केबिनची पिकअप माल आणि घर या दोन्ही हेतूंनी घेतली, पाटे वाढविले, आणि तीच घेऊन सप्तशृंगगडावर कुटुंबासह दर्शनाला गेला. केबिनमध्ये पाच माणसे होती, तेवढीच आरसीवर मान्य होती. हौद्यात अंथरूण टाकून आणखी चार नातलग बसले होते, भांडीकुंडी होती. नांदुरीकडे उतरताना एका वळणावर गाडी कलंडली. जीव वाचले, पण हौद्यातील एका वृद्ध बाईंना एक पाय कायमचा गमवावा लागला. मी गाडी तपासली, पाटे मोजले, ब्रेकचे पट्टे पाहिले, आणि जे दिसले ते अहवालात रुजू केले. त्या अहवालातील दोन वाक्ये, पाट्यांविषयीचे एक आणि हौद्यातील माणसांविषयीचे दुसरे, पुढील साऱ्या वादाचा आधार झाली. त्या घरातील माणसे मला 'कंपनीचा माणूस' समजतात. विमा सर्वेक्षकाला १९३८ च्या विमा कायद्याखाली स्वतंत्र परवाना असतो, तो कंपनीचा नोकर नसतो आणि दाव्याचा फैसलाही तो करीत नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलो. परंतु ज्याच्या घरात दुःख आले आहे त्याला ते कसे सांगावे, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

येथे जो कायद्याचा प्रश्न उद्भवतो त्याविषयी मी अधिक लिहिणार आहे, कारण गाडी घेताना तो कोणीही विचारीत नाही. १९३९ च्या मोटार कायद्यातील मालवाहू गाडीच्या व्याख्येत मालासोबत प्रवासी नेण्याला काही वाव होता. १९८८ च्या कायद्याने तो काढून टाकला आणि मालगाडी ही केवळ मालासाठीच ठरविली. तिसऱ्या पक्षाच्या सक्तीच्या विम्याचे कलम १४७ मात्र व्यापक शब्दांत लिहिलेले होते. नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश झाला. पुढे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने मालगाडीतील फुकट प्रवाशांचीही भरपाई विमा कंपनीने द्यावी असे मानले. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरविला. २००४ मध्ये मधल्या काळातील प्रकरणांपुरती कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावी अशी तजवीज झाली, आणि २००७ मध्ये मालाच्या मालकालाही संरक्षण हवे असेल तर त्याने केबिनमध्ये बसून प्रवास केलेला असला पाहिजे, असे ठरले. याचा अर्थ एवढाच की हौद्यात बसलेल्या माणसाला, मग ती मालकाची सख्खी मावशी का असेना, सक्तीच्या विम्याचे छत्र नाही, आणि तिच्या भरपाईचा बोजा अखेर मालकाच्या सातबाऱ्यावर येऊन पडू शकतो.

कायद्याच्या शब्दांशी हा निर्णय सुसंगत आहे, यात मला शंका नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती मी जेथे संधी मिळेल तेथे मांडतो. सरकार मान्यता देते म्हणूनच कारखाना पाच आसनांची मालगाडी बनवितो. आरटीओ आरसीवर ती पाच आसने नोंदवितो. आणि त्या मान्य आसनांवर बसलेल्या मालकाच्या पत्नीला व मुलांना, त्या मालाच्या मालकही नव्हेत आणि नोकरही नव्हेत म्हणून, सक्तीच्या विम्यातून वगळण्याची हरकत कंपनीला घेता येते. ज्या राज्याने आसन मंजूर केले त्याने त्या आसनावरील माणसाचा विमाही सक्तीचा केला पाहिजे. तोपर्यंत एक उपाय हाताशी आहे: व्यावसायिक गाडीच्या पॉलिसीत बिनभाड्याच्या प्रवाशांची जबाबदारी वेगळा हप्ता भरून जोडून घेता येते. एजंट तिला 'एनएफपीपी' म्हणतात. ही जोड मागून घ्यावी, आणि ती पॉलिसीच्या कागदावर छापून आली आहे याची स्वतः खातरजमा करावी. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा केवळ त्याचा स्वतःचा असतो. तो घरच्यांना लागू होत नाही.

'मग आम्ही पांढऱ्या पाटीची गाडी घेऊ,' असे हल्ली पुष्कळ जण म्हणतात. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ साली आपल्याकडे आली. या दोन्ही खासगी नोंदणीच्या, पाच आसनांच्या, सुबक गाड्या आहेत. पांढऱ्या पाटीला पंधरा वर्षांची नोंदणी मिळते. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, शिवाय तिच्या वेगावर ताशी ८० किलोमीटरचा लगाम असतो. परंतु खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांचा जो मजकूर असतो, त्यात भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. केवळ नमुने आणि स्वतःचे सामान यांची मुभा असते. पांढऱ्या पाटीच्या हौद्यात बाजाराचे क्रेट भरले की तो विमा संकटात सापडतो. ज्याला गाडीत पंपाचे सुटे भाग, रोपे, हत्यारे न्यायची आहेत त्याला ती चालेल. बाजार समितीत रोज माल घालणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांविषयीही असाच भ्रम आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅप ही चाचणी प्रवासी गाड्यांसाठी आहे. मालवाहू वर्गातील पिकअपला त्यात तारे मिळत नाहीत. तेव्हा मागच्या आसनावर तीन बिंदूंचा पट्टा आहे की नाही, डोक्यामागे आधार आहे की नाही, हे स्वतः हात लावून पाहावे. परमिट आणि लायसन्स यांचा बाऊ मात्र कारण नसताना होतो: ३,००० किलो एकूण वजनापर्यंतच्या मालगाडीस परमिटची आवश्यकता नाही, आणि ७,५०० किलोंपर्यंतची वाहतूक गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालविता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही मान्य केले आहे.

तर मग कोणी काय घ्यावे? विद्युत कंत्राटदार, नळकाम करणारा, रोपवाटिकेवाला, दुग्धव्यावसायिक, ज्यांचा माल सहाशे किलोंच्या आत राहतो आणि ज्यांच्यासोबत तीन-चार मजूर असतात, त्यांनी पिवळ्या पाटीची दोन केबिनची गाडी घ्यावी, पाटे कारखान्याने दिले तेवढेच ठेवावेत आणि वरील जोड विम्यात घ्यावी. त्यांच्यासाठी याहून सोयीची गाडी नाही. ज्याचा माल हंगामात रोज टनाच्या घरात जातो, त्या बागाईतदाराने एका केबिनची, लांब हौद्याची मालगाडी घ्यावी, आणि कुटुंबासाठी जुनी का होईना, पण निराळी प्रवासी मोटार ठेवावी. हे सांगितले की 'दोन गाड्यांचे हप्ते कोण भरणार?' असा रास्त प्रश्न येतो. कर्ज काढून दोन केबिनची नवी गाडी घेण्याऐवजी एका केबिनची घेतली तर किमतीत जो फरक पडतो त्यात थोडी भर घालून आठ-दहा वर्षांची चांगली राखलेली मोटार मिळू शकते. हा हिशेब मी अनेकांना कागदावर मांडून दिला आहे. काहींनी तो मानला, काहींनी दोन केबिनचा रुबाब मानला.

जुनी पिकअप घेत असाल तर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी मागच्या चाकाजवळ वाका. पाट्यांवरच्या गंजात नवा-जुना फरक दिसतो का, पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टची आटी नेहमीपेक्षा कमी उरली आहे का, झडपेचा दांडा मोकळा आहे का, चासीवर वेल्डिंगची रेघ आहे का, हे पाहा. नंतर गाडी रिकामी करून, टाकी भरून, गार्ड आणि सांगाड्यासकट वजनकाट्यावर न्या आणि आलेला आकडा आरसीवरील रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. जो फरक येईल तेवढा माल तुमच्या हिश्शातून आधीच वजा झालेला आहे. त्या पावतीवर गाडीचा नंबर आणि तारीख घालून घ्यावी आणि ती आरसीच्या प्रतीबरोबर गाडीत ठेवावी.