पेटीआधी कुंपण

मध आपल्याला जन्मापासून भेटतो. पूर्वी बाळाच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीने मध-तूप लावायचे (आता डॉक्टर वर्षभर तरी नको म्हणतात), मग लग्नात मधुपर्क, पूजेला पंचामृत, खोकल्यावर आल्याचा रस. आयुष्यभर मध बाटलीतूनच दिसला, म्हणून माश्या पाळायचं मनात आलं की आपण आधी पेटीची चौकशी करतो. नागपूरच्या बेसासारख्या भागात तरी ही सुरुवात उलटी आहे, असं माझं म्हणणं आहे. लेआउटमधल्या दीड हजार फुटांच्या प्लॉटवर माश्या विकत आणायच्या नसतात; आहेत त्या टिकवायच्या असतात.

आपल्याकडे पेटीचं काम जुनं आहे. महाबळेश्वरचं मध संचालनालय १९४६ सालचं. तिथलंच मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. पण तिथल्या पेट्यांतल्या सातेरी माशीला सह्याद्रीचं जंगल आणि गारवा लाभतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि सातेरीला पिल्लं ३३ ते ३५ अंशांत ठेवावी लागतात. त्यासाठी कामकरी माश्या पाणी आणतात, पंखांनी वारा घालतात. उन्हात मांडलेल्या पातळ फळीच्या पेटीत हे झेपलं नाही, की वसाहत उठून जाते. फुलोरी माशीचं मात्र इथे निभतं. मेंदीच्या कुंपणात तिचं तळहाताएवढं एकच उघडं पोळं असतं. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती फांदीला दोन्हीकडून चिकट राळेचं कडं घालते. ऊन वाढलं की दाट सावलीत बिऱ्हाड हलवते आणि जवळ असेल तर जुन्या पोळ्यातलं मेणही उचलून नेते. भिंतीच्या भेगेत पोयाच्या माश्या राहतात, त्या तर डंखही मारत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, फुलोरीचा मध तो किती? पासंगालाही पुरणार नाही, हे खरंच. पण भोपळ्याची, काकडीची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. माशी फिरकली नाही तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं. परसातली मिळकत तिथे मोजावी. मेलिफेरा जातीच्या माशीची पेटी जास्त मध देते, हेही मान्य; पण फुलं नसताना तिला साखरपाणी पाजावं लागतं आणि वरोआ किडीवर औषधं करावी लागतात. ही कीड मुळात सातेरीवरची, त्यामुळे सातेरी तिला बऱ्यापैकी तोंड देते. डंखाची भीती मात्र खोटी नाही. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी जपावं, आणि सोसायटीवर आग्यामोहोळ बसलं तर मशाल पेटवण्याऐवजी जाणकाराला बोलवावं.

पेटी कधीच आणू नये, असं नाही. आधी कडुनिंब, करंज, शेवगा, लिंबू लावावेत. उन्हाळ्यात पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवावं, फवारणी थांबवावी. एवढ्यावर सातेरी आपणहून भिंतीत आली, तर तिला जाड लाकडाचं घर द्यावं. कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक टाकून कोपऱ्यात पेटी मांडायची असेल, तर मध दुकानातून आणलेला बरा.