आधी जाळ ओढा

अक्कलकोटला लग्नसराई आणि ऊन एकाच वेळी टिपेला पोहोचतात. चैत्रात स्वामी समर्थांचा प्रकटदिन, मग वद्य त्रयोदशीची पुण्यतिथी आणि त्याला लागूनच एप्रिल-मेच्या लग्नतिथी. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. वर्षातली मोठी कमाई याच दिवसांत होते आणि याच दिवसांत सोलापूर जिल्ह्याचा पारा ४२-४३ अंशांवर मुक्काम ठोकून असतो. ज्या ग्राफिक्स कार्डावर माझं सगळं काम चालतं, त्याला वर्षातलं सर्वांत जास्त काम सर्वांत तापलेल्या दिवसांत करावं लागतं.

एका लग्नात आता तीन-चार कॅमेरे असतात, वर ड्रोन असतो. हळद, अक्षता, जेवणावळी आणि रात्रीची वरात. वरातीच्या कमी उजेडातल्या चित्रात बारीक बारीक ठिपके येतात. ते काढायचे तर संगणक प्रत्येक फ्रेमची पुढच्या-मागच्या फ्रेमशी तुलना करतो. हे काम जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्स कार्ड करतं आणि तासन्‌तास करतं. गेम खेळताना कार्डाला मधे मधे श्वास घ्यायला मिळतो. रेंडर लावला, म्हणजे संगणकाला अंतिम व्हिडिओ तयार करायला बसवलं, की तो मिळत नाही.

माझ्याकडे आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबी मेमरीचं. पूर्ण ताकदीने चाललं की ते १७० वॅट वीज घेतं. जानेवारीत जो रेंडर पाऊण तासात व्हायचा, तो मे महिन्याच्या दुपारी तासावर जायचा. पंखे घोंघावत असायचे आणि एकदा ऐन कामात पडदा काळा होऊन सगळं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी मुलीकडच्यांना पेनड्राइव्ह द्यायचा होता. त्या रात्री मी रेंडर पुन्हा पहिल्यापासून लावला आणि पहाटेपर्यंत शेजारी बसून राहिलो. लग्न पुन्हा होत नसतं. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजीचं नातीला पोटाशी धरणं पुन्हा चित्रित करता येत नसतं. म्हणून या कार्डाच्या तापाकडे मी केवळ यंत्राचा प्रश्न म्हणून बघू शकत नाही.

कार्ड मंद का होतं, हे आधी समजून घ्यावं लागलं. ते स्वतःला जपतं. साधारण ८३ अंशांच्या आसपास आपलं तापमान राखण्याचा त्याचा प्रयत्न असतो, आणि निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंशांची आहे. तापमान चढू लागलं की ते आधी पंखे वाढवतं, मग आपला वेग पायरी-पायरीने उतरवतं. म्हणजे उन्हाळ्यात आपण विकत घेतलेलं कार्ड आपल्याला पूर्ण मिळतच नाही.

आमच्याकडे यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कॅबिनेटची बाजू उघडायची आणि समोर टेबलफॅन लावायचा. पारा तात्पुरता उतरतो. पण अक्कलकोटच्या चहूबाजूंना काळी रानं आहेत. उन्हाळ्यात ती नांगरून पडलेली असतात आणि वाऱ्याबरोबर त्यांची मऊ, बारीक धूळ घरात येते. उघड्या कॅबिनेटमध्ये ती कार्डाच्या पात्यांमध्ये जाऊन बसते. महिन्याभरात उष्णता बाहेर जायची वाटच बुजते.

मला वळण मिळालं ते एका साध्या नोंदीमुळे. मी खोलीत भिंतीवर थर्मामीटर लावला आणि रेंडर चालू असताना खोलीचं आणि कार्डाचं तापमान शेजारी शेजारी वहीत लिहायला लागलो. थंडीत खोली २४, कार्ड ६७. मेमध्ये खोली ३८, कार्ड ८१. आकडे वेगळे, फरक मात्र तोच, ४३ अंशांचा. कार्ड ८१ वर गेलं म्हणून मी त्याच्यात बिघाड शोधत होतो. त्याच्यात बिघाड नव्हताच. तेवढंच काम करताना ते भोवतालच्या हवेपेक्षा तेवढंच तापत होतं आणि भोवतालची हवाच ३८ अंशांची होती. पंख्याने फेकलेली हवा कार्डाला स्वतःपेक्षा थंड करू शकत नाही. कार्डांची परीक्षणं बहुतेक वेळा २१ ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. त्यातला आकडा अक्कलकोटच्या दुपारी वाचायचा असेल, तर त्यात पंधरा-सोळा अंश मिळवूनच वाचावा.

याचा अर्थ दोनच गोष्टी हातात होत्या. खोली उतरवायची किंवा तो ४३ चा फरक उतरवायचा.

दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात केली, कारण तिला खर्च नव्हता. कार्ड जितकी वीज घेतं, तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. १७० वॅट आत गेले म्हणजे १७० वॅटचा हीटर त्या खोलीत चालू आहे, शिवाय प्रोसेसर आणि दोन मॉनिटर वेगळे. चुलीवर भाकरी करपायला लागली की आई आधी जाळ ओढून घ्यायची, पदराने वारा नंतर घालायची. इथेही आधी जाळच ओढायला हवा होता. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज थोडं उतरवलं तरी वीज बरीच उतरते. प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते आणि कारखान्याला सगळ्याच चिपा चालाव्यात म्हणून व्होल्टेज हात सैल सोडून ठेवावं लागतं. त्या सैलपणातला आपला वाटा परत घेता येतो.

आफ्टरबर्नर नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. माझं कार्ड साधारण १९०० मेगाहर्ट्झवर एक व्होल्टच्या थोडं वर चालायचं. मी ते १८०० मेगाहर्ट्झ आणि ०.८७५ व्होल्टवर बांधून टाकलं. वेग जेमतेम पाच टक्के गेला. वीज मात्र १७० वरून १३० वॅटच्या आसपास आली आणि ४३ चा फरक ३३ वर उतरला. गंमत म्हणजे मेच्या दुपारी रेंडर आता आधीपेक्षा लवकर संपतो, कारण कार्डाला मधेच वेग सोडावा लागत नाही. हा आकडा दुसऱ्याने जसाच्या तसा उचलू नये. प्रत्येक कार्डाने आपापला आकडा दाखवावा लागतो. व्होल्टेज थोडं थोडं उतरवायचं, दर पायरीला मोठा रेंडर लावायचा आणि चित्रात चौकोन किंवा रेघा दिसल्या की एक पायरी वर यायचं. ज्याला हा आलेख अवघड वाटतो, त्याने त्याच प्रोग्राममधली पॉवर लिमिटची पट्टी नुसती ७५ टक्क्यांवर आणावी. तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

मग उष्णतेची वाट मोकळी केली. कॅबिनेटच्या तोंडावर शोभेची काच होती, ती काढून जाळीचं तोंड बसवलं. पुढून दोन पंखे हवा आत घेतात, मागून एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा जास्त असली की फटींमधून धूळ आत ओढली जात नाही, ती जाळीवरच अडते. जाळी दर आठवड्याला धुतो. कार्ड ब्लोअरने साफ करताना त्याचे पंखे बोटाने धरून ठेवावे लागतात, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंग खराब होतं. बऱ्याच कार्डांचे पंखे हलक्या कामाला बंदच असतात. शांततेसाठी केलेली ही सोय थंड देशात ठीक, आमच्याकडे मी पंखे कायम मंद गतीने चालूच ठेवतो. एचडब्ल्यू-इन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये चिपचं सरासरी तापमान आणि तिच्यावरच्या सर्वांत तापलेल्या ठिकाणाचं तापमान असे दोन आकडे दिसतात. त्यांच्यात दहा-पंधरा अंशांचं अंतर असतं. ते पंचविसाच्या पुढे जायला लागलं की आतली थर्मल पेस्ट वाळली असं समजावं आणि माहितगाराकडून बदलून घ्यावी.

राहिली खोली. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट सिमेंटचा स्लॅब. आजोळचं जुनं घर माळवदाचं होतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचे जाड थर. मेच्या भर दुपारीही तिथे झोप लागायची. पातळ स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी खोलीत ओततो. माझ्या वहीत खोलीचा सर्वांत वरचा आकडा दुपारी दोनला कधीच नव्हता. तो संध्याकाळी सात-आठला असायचा, बाहेर वारा सुटलेला असतानाही. शेजारी काम करणाऱ्या एका गवंड्याला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, स्लॅब पांढरा करून टाका की. ऊन खाली उतरूच देऊ नका.” चुन्यात फेव्हिकॉल मिसळून आम्ही गच्चीवर दोन हात मारले. खर्च किरकोळ झाला. पांढऱ्या गच्चीवर दुपारी अनवाणी उभं राहता येतं, आणि खाली खोली दोन-तीन अंशांनी उतरली. हाही जाळ ओढण्याचाच प्रकार आहे.

कूलरबद्दल मला तपशिलात सांगावंसं वाटतं, कारण आमच्या भागात तो घरोघरी असतो. सोलापूर-अक्कलकोटची उन्हाळी दुपार कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना हवा सहज आठ-दहा अंशांनी उतरते. पण कूलर खिडकीबाहेर असावा आणि समोरची खिडकी उघडी असावी. बंद खोलीत तो तासाभरात हवा दमट करतो आणि मग स्वतःच निकामी होतो. त्याचा झोत कॅबिनेटवर कधीही धरू नये. दमट हवेने तापलेल्या कार्डावर दव धरत नाही, कारण कार्ड हवेपेक्षा गरमच असतं. धोका आहे तो उडणाऱ्या थेंबांचा. आमचं बोअरचं पाणी जड. कूलरच्या गवती पॅडवर जो पांढरा थर चढतो, तोच क्षार सर्किटवर बसू शकतो.

आणि पाणी आमच्याकडे जपून वापरायची वस्तू आहे. उन्हाळ्यात नळ रोज येत नाही आणि दिवसभर चाललेला कूलर घागरींनी पाणी पितो. घरात पिण्याचं पाणी मोजून भरायचं आणि एका यंत्रासाठी कूलरची टाकी पुन्हा पुन्हा ओतायची, हे मला पटत नाही. एसी हाही मार्ग आहे, पण त्यालाही बिल आहे. म्हणूनच कार्डाची वीज आधी उतरवायची, या क्रमावर माझा भर आहे. जी उष्णता तयारच झाली नाही, ती बाहेर काढायला पाणीही लागत नाही आणि वीजही लागत नाही. मोठ्या यंत्रांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली सी-डॅकचा परम ब्रह्म महासंगणक बसवला, तो थंड ठेवण्यासाठी थेट चिपांजवळून पाणी फिरवावं लागतं. मोठ्या संस्थेला ते शक्य आहे. माझ्यासारख्याला वेळेचा उपयोग करून घ्यावा लागतो.

म्हणून मी दिवसाची मांडणी बदलली. दुपारी फक्त कापणं-जोडणं, तेही हलक्या प्रतीच्या प्रॉक्सी फायलींवर. त्यात कार्ड जवळजवळ रिकामं असतं. मोठे रेंडर एका रांगेत लावून ठेवतो आणि ते रात्री एकनंतर सुरू होतात. तोवर स्लॅब निवलेला असतो, खिडक्या उघड्या असतात आणि पहाटे खोली २८-२९ वर येते. त्या वेळी कार्ड ६२ अंशांवर निवांत चालतं. हाच रेंडर संध्याकाळी सातला लावला तर खोली आणि कार्ड एकमेकांना तापवत बसतात. शेतकरी उन्हाळ्यात पहाटे औत धरतो आणि दुपारी सावलीला येतो, ते याच हवेला ओळखून.

आता अक्कलकोटची मुलं माझ्याकडे हे काम शिकायला येतात. घरी कन्नड बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली, हाताला वळण असलेली मुलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना पुण्याला जाऊन एडिटिंग करायचं असतं, कारण इथल्या उन्हात मोठं यंत्र टिकत नाही असं त्यांनी ऐकलेलं असतं. टिकतं. माझं टिकलं आहे आणि ऐन मेमध्ये वेळेवर काम देतं आहे. नवं कार्ड, नवा कूलर किंवा एसी घेण्याआधी त्यांनी शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर भिंतीला लावावा, आठवडाभर खोलीचा आणि कार्डाचा आकडा शेजारी शेजारी लिहावा, आणि त्या दोघांतला फरक उतरवायच्या मागे लागावं. आपल्या गावातली लग्नं आपल्या गावातच बसून नीट जपता येतात, हे मला त्यांना पटवून द्यायचं आहे.