सु. प., इयत्ता पाचवी

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण वाईला जाऊन आलात? बहुतेक मंडळी ढोल्या गणपतीला नमस्कार करतात आणि लगेच पाचगणी-महाबळेश्वरची वाट धरतात. पण वाईपासून तीन-चार किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, मेणवली नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं मी दोनदा गेले. पहिल्यांदा २००१ साली, पाचवीत असताना, शाळेच्या सहलीबरोबर. आणि दुसऱ्यांदा गेल्या हिवाळ्यात, माझ्या चौथीच्या वर्गाला घेऊन.

आता बाई म्हटलं की सूचना आल्याच! एस.टी.तून उतरल्या उतरल्या मी सुरू केलं, "रांग मोडायची नाही. कशाला हात लावायचा नाही. आणि भिंतीवर कुणी काही लिहिलं तर माझ्याशी गाठ आहे."

आधी गेलो घाटावर. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. वर देवळं, झाडांची गार सावली. शाहरुख खानचा 'स्वदेस' २००४ साली आला, त्याचं चित्रीकरण इथं झालं होतं, हे सांगितल्यावर निम्मा वर्ग तिथंच फतकल मारून बसला. पण सगळ्यांना वेड लावलं ते घंटेनं. घाटावर एका लहानशा देवळीत ही भली मोठी घंटा टांगलेली आहे, आणि तिच्यावर चित्र आहे मेरीमाता आणि बाळ येशूचं! देवळाशेजारी चर्चची घंटा कशी? १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून इकडं आल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, आणि एक इथं.

घाटाला लागूनच नाना फडणविसांचा वाडा. नाना म्हणजे पेशव्यांचे कारभारी, सगळ्या राज्याचा हिशेब डोक्यात असलेला माणूस. ते १८०० साली वारले. त्यांची कागदपत्रं या वाड्यात सांभाळून ठेवलेली होती. इतिहासाचे अभ्यासक त्यांना मेणवली दफ्तर म्हणतात.

वाड्यात चौकामागून चौक लागतात. चौक म्हणजे घराच्या मधोमध मोकळं आकाश! पंखा नाही, दिवा नाही, तरी उजेड आणि वारा आपोआप घरभर फिरतो. भिंती इतक्या जाड, की कोनाड्यात कोपरापर्यंत हात जातो. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत माठातल्यासारखा गारवा. काही दालनांत भिंतींवर जुनी रंगीत चित्रं आहेत. मुलं माना वर करून सागवानी तुळया मोजत होती. मी मात्र हळूच एका कोपऱ्याकडं सरकले. उगाच, आपलं बघायला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, हे कुणी लिहिलंय बघा! 'सु. प., इ. ५ वी'. सु. प. म्हणजे कोण हो?"

खरं सांगते, क्षणभर वाटलं, माहीत नाही म्हणावं आणि रांग पुढं न्यावी. कुणाला कळणार होतं? पण तीस जोडी डोळे माझ्याकडं लागले होते.

"मीच," मी म्हटलं. "कंपासपेटीतल्या कर्कटकानं कोरलंय."

वर्ग चिडीचूप. मग एकीनं विचारलं, "तुम्हाला शिक्षा झाली?"

"नाही. कुणी पाहिलंच नव्हतं."

"मग आता करा की दहा उठाबशा!" एक शूर वीर मागून म्हणाला. आणि काय सांगू, नानांच्या वाड्यात, साडीचा पदर खोचून, मी दहा उठाबशा काढल्या. मोजायला अख्खा वर्ग. सातव्याला गुडघा कुरकुरला, पण सूट मिळाली नाही.

एका मुलाचे वडील गवंडी. तो म्हणाला, "बाई, पप्पांकडं पुट्टी असते. पाच मिनिटांत बुजवतील." त्याची कल्पना मला मनापासून आवडली, पण तसं करता येत नाही. जुन्या भिंतींचा गिलावा चुन्याचा असतो. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मग वाळू घालून बैलांच्या घाणीत कितीतरी वेळ मळायची. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर घालत. असा चुना भिंतीतली ओल हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापलं तर ओल आतच कोंडते आणि मग आतली माती ढासळायला लागते. म्हणजे माझी चार अक्षरं झाकायला गेलो तर भिंतीचंच नुकसान. चुन्याचं काम जाणणारे हात आता मोजकेच उरलेत.

"म्हणजे ते तसंच राहणार?" त्यानं विचारलं.

"सध्या तरी."

परतताना एस.टी.त माझ्या शेजारच्या सीटवर एक मुलगी येऊन बसली. बराच वेळ गप्प होती. मग दप्तरातून कर्कटक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाई, मी फक्त 'र' काढला होता. घाटावर. दगडावर उमटलाच नाही."

कर्कटक मी सोमवारी परत केलं. भूमितीला लागतं ना!

तुम्ही मेणवलीला गेलात तर वाडा बघायला आधी परवानगी विचारा, आणि चौकात मिनिटभर गप्प उभे राहा. माझी अक्षरं शोधायला जाल, तर कोपरा कुठला ते मात्र मी सांगणार नाही.