जिवतीहून समुद्राकडे : बोटीत खोली कोणती घ्यावी, लुगडे चालेल का?



आपल्या जिवतीच्या डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी समुद्र पाहते, पण आपल्यापैकी फार थोड्यांनी समुद्र पाहिलेला आहे. माणिकगडच्या रांगांवरून उतरलेले पाणी नाल्याओढ्यांतून पैनगंगा-वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदामाई ते सारे पाणी बंगालच्या उपसागराला नेऊन पोचवते. पाणी असे पूर्वेला जाते. माणसे मात्र समुद्र पाहायचा म्हटला की पश्चिमेची वाट धरतात. बल्लारशा नाहीतर नागपूरला गाडीत बसायचे आणि मुंबई गाठायची.

अलीकडे वस्त्यांवर फिरताना बोंडअळी, तुरीवरची मर आणि पीकविम्याच्या प्रश्नांबरोबर एक नवा प्रश्न कानावर येतो. घरातला एखादा मुलगा हैदराबादेत नाहीतर पुण्यात नोकरीला लागलेला असतो. तो म्हणतो, "बाबा, यंदा साऱ्यांना मोठ्या बोटीने गोव्याला नेतो." मोबाइलवर बोटीची चित्रे दाखवतो आणि घरात दोन शंका निघतात. बोटीतली खोली कोणती घ्यायची? आणि तिथे जेवायला म्हणे विशिष्ट कपडेच लागतात, मग आपले कसे व्हायचे? मी स्वतः कुटुंबासह मुंबई-गोवा असा जलप्रवास केलेला आहे. त्या अनुभवावरून आणि विचारपूस करून कळले ते इथे सांगतो.

आधी बोटींची थोडी ओळख करून घेऊ. मुंबई ते गोवा बोटीने जाणे ही काही नवलाई नाही. कोकणातल्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या बोटीनेच मुंबईला गेल्या. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी अशी बंदरे घेत आगबोट जायची. 'कोंकण सेवक' आणि 'कोंकण शक्ती' ही बोटींची नावे जुन्या कोकणी माणसांच्या तोंडी अजून आहेत. त्या बोटीतही दर्जे होते. खालचा डेक स्वस्त, वरचा डेक थोडा महाग आणि पैसेवाल्यांसाठी केबिन. डेकवाल्याने आपली वळकटी पसरायची, भाकरीचे गाठोडे सोडायचे आणि शेजाऱ्याशी गप्पा मारत रात्र काढायची. तिथे जेवायला कुठला पोशाख हवा हे कोणी विचारत नव्हते. रस्ते वाढले तशी ती वाहतूक बंद पडली.

पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून तिचे नाव ठेवलेले होते. २०२० च्या करोनाच्या साथीत तीही थांबली. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाने मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सहली सुरू केल्या. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले. मजले अकरा आणि खोल्या सुमारे आठशे. आपल्याकडच्या कित्येक गावांत तेवढे उंबरे नाहीत! अशा बोटीवर राहणे, जेवणे, नाटक-तमाशा, पोहण्याचा हौद सारे एकाच ठिकाणी असते. म्हणजे ती नुसती गाडी नव्हे, चालते गाव आहे. गावात घर कुठे बांधायचे हे आपण जसे विचार करून ठरवतो, तशीच खोलीही ठरवावी.

खोल्यांचे साधारण चार प्रकार असतात. पहिली आतली खोली. ती बोटीच्या पोटात असते, तिला खिडकी नसते आणि ती सर्वांत स्वस्त. दुसरी खिडकीची खोली. काच उघडत नाही, पण समुद्र दिसतो. तिसरी सज्जाची खोली आणि चौथी मोठी, दोन दालनांची वगैरे. भाव त्याच क्रमाने चढत जातात. एजंट साहजिकच वरच्या दोहोंकडे बोट दाखवतो. आपण मात्र घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाकडे पाहून खोली निवडावी. धडधाकट माणूस खोलीत फक्त झोपायला येतो, त्याला आतली खोली पुरते. म्हातारे माणूस दिवसातले बरेच तास खोलीत काढते.

आतल्या खोलीची एक गोष्ट शेतकऱ्याने आधी समजून घ्यावी. तिथे दिवस उगवलेला कळत नाही. आपण पहाटे उजेड फुटला की उठणारी माणसे. दिवा मालवल्यावर त्या खोलीत मध्यरात्र आणि सकाळचे आठ सारखेच. रात्री लघवीला उठणाऱ्या वृद्धाला तो काळोख घाबरवतो. मग न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवावे. न्हाणीघराला बहुधा उंच उंबरा असतो, तो पहिल्याच दिवशी म्हातारीचा हात धरून दाखवावा. गुडघे धरलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसासाठी रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या थोड्या खोल्या वेगळ्या राखलेल्या असतात. त्या तिकीट काढतानाच मागाव्या लागतात.

दुसरी गोष्ट हेलकाव्यांची. जत्रेतला बोटीचा झोपाळा आठवा. दोन्ही टोकांना बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो, मधल्यांना फारसे काही वाटत नाही. खऱ्या बोटीचेही तसेच आहे. लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. टोकाची आणि वरची जास्त हलते. ज्याला जिवतीचा घाट उतरताना एस.टी.त उलटी होते, त्याच्यासाठी वरच्या मजल्यावरच्या महाग सज्जापेक्षा खालची मधली खोली बरी. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्यावी, पोट ढवळू लागल्यावर तिचा तेवढा उपयोग होत नाही. डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहिले तरी बरे वाटते.

पैसे भरण्याआधी नकाशा मागून घ्या आणि एवढे प्रश्न विचारा. खोलीच्या डोक्यावर नाचगाण्याचे दालन किंवा स्वयंपाकघर आहे का? खालून इंजिनाचा आवाज येतो का? खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली आहे का? तशी असेल तर समुद्राचे पैसे देऊन होडीचा बुडखा पाहावा लागेल. तिसरे-चौथे माणूस कुठे झोपणार? बहुधा भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या फळीवर, शिडीने चढून. ती फळी लहान मुलाला किंवा वृद्धाला द्यायची नाही. आणि भाडे माणशी आहे की खोलीमागे? जाहिरातीतला आकडा बहुधा माणशी असतो आणि खोलीत दोघे राहतील असे धरून असतो. बंदराचे कर, सेवेचा आकार, किनाऱ्यावरची सहल आणि दारूबिरू हे सारे त्यात आहे की वेगळे, ते लिहून घ्यावे. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर आपण वाचतो, तसे तिकिटाचेही वाचावे.

आता कपड्यांचा प्रश्न. इथे मला आपल्याच तालुक्यातल्या एका घरची हकिगत सांगितली पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून बरीच कुटुंबे या डोंगरावर आली, त्यांतलेच हे एक. घरात आजी, मुलगा, सून, नातू आणि कॉलेजात जाणारी नात अशी पाच माणसे. नातू हैदराबादेत कामाला. त्याने बोटीचा बेत केला आणि कुठेसे वाचले की संध्याकाळच्या जेवणाला 'स्मार्ट' पोशाख लागतो. त्याने आजीसाठी पंजाबी ड्रेस आणायचे ठरवले. आजीने आयुष्यभर नऊवारी नेसलेली. ती एवढेच म्हणाली, "लुगडं नको आसंल तर म्या बी नको. जावा तुमी." घरात अबोला झाला. नातवाचा हेतू वाईट नव्हता, आपल्या आजीला कोणी दारात अडवू नये एवढेच त्याला वाटत होते. मी त्या दिवशी तुरीचा प्लॉट पाहायला गेलो होतो. मी म्हटले, "आजी, थांबा. तुम्हाला नको कोण म्हणाले? आधी विचारू तरी!" नातवाने बुकिंग करणाऱ्यांना लेखी विचारले. उत्तर आले की साडी आणि पारंपरिक भारतीय पोशाख कुठल्याही जेवणाला चालतो.

पोशाख ही गोष्ट क्षुल्लक नाही, हे आपल्याला बाहेरच्या कोणी शिकवायला नको. १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की तुमची जात ओळखू येईल अशा रीतीने लुगडे नेसू नका, इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा. नेसण्याच्या पद्धतीवरून माणसाला खाली बसवता येते आणि ती बदलून त्याला ताठ उभेही राहता येते. अगदी अलीकडे, जुलै २०१४ मध्ये, चेन्नईच्या एका क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना ते वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसून आले म्हणून आत सोडले नाही. त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने कायदा करून क्लब आणि सभागृहांना अशी अडवणूक करण्यास मनाई केली. तो कायदा त्या राज्यापुरता आहे, पण त्यातली गोष्ट साऱ्या देशाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पोशाखाच्या बाबतीत फार कडक समजल्या जाणाऱ्या विलायतेतल्या क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवरसुद्धा मोठ्या मेजवानीच्या रात्री आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख चालतो.

मग बोटीवरच्या नियमांचा अर्थ काय घ्यायचा? आपल्या भाषेत सांगतो. 'कॅज्युअल' म्हणजे बाजाराच्या दिवशी घालतो ते स्वच्छ कपडे. 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे पाहुण्यांकडे साखरपुड्याला जाताना घालतो ते. 'फॉर्मल' म्हणजे लग्नातले कपडे. एखाद्या रात्री सर्वांनी पांढरे किंवा अमुक रंगाचे घालावे असे सुचवतात, ती हौसेची गोष्ट. नसेल तर नवे विकत घेऊ नका. मनाई असते ती बहुधा ओल्या पोहण्याच्या कपड्यांना, नुसत्या बनियनला आणि अनवाणी पायांना. संध्याकाळच्या दालनात पुरुषांच्या अर्ध्या चड्डीला आणि रबरी चपलेलाही बऱ्याच ठिकाणी हरकत असते. धुतलेले धोतर-सदरा, पायजमा, फेटा, नऊवारी लुगडे, बंजारा बाईची फेटया-कांचळी हे सगळे पूर्ण पोशाख आहेत. तरी आजीच्या नातवाने केले तसे आधी लेखी विचारून ठेवावे, म्हणजे दारात उभे राहून वाद घालायची पाळी येत नाही.

ताटाविषयीही संकोच नको. बोटीवर बहुधा एक दालन आपण वाढून घ्यायचे आणि दुसरे बसून वाढण्याचे असते. शाकाहारी, जैन जेवणाची सोय आपल्याकडच्या बोटींवर असते, पण तिकिटाच्या वेळीच सांगावी. काटे-चमचे असले तरी हाताने जेवणे हा गुन्हा नाही. बसून जेवायच्या दालनात वेळेच्या पाळ्या असतील तर म्हाताऱ्या माणसांसाठी लवकरची पाळी मागा. सामानात एक स्वेटर किंवा शाल हवीच, कारण आतली थंड हवा आपल्याला बाधते. लुगड्याखाली घसरणार नाही अशी पट्ट्याची चप्पल घ्या, डेक ओला असतो.

आणखी एक पोशाख सर्वांना सारखा असतो, तो म्हणजे जीवरक्षक जाकीट. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे अवाढव्य जहाज कलंडले, त्यात ३२ जण दगावले. त्यानंतर बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर प्रवाशांची कवायत घेतलीच पाहिजे असा जगभर नियम झाला. भोंगा वाजला की कोठे जमायचे ते कवायतीत दाखवतात आणि बहुधा खोलीच्या दारामागेही लिहिलेले असते. कंटाळा न करता सगळ्यांनी हजर राहावे आणि आजीच्या अंगात जाकीट चढवून पाहावे.

जाण्याचा हंगामही आपल्या सोयीचा आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या मच्छीमार बोटींनाही मासेमारी बंद असते. आपण मोकळे होतो ते तूर घरात आल्यावर, कापसाची शेवटची वेचणी उरकल्यावर. फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांत असतो. मात्र कर्ज काढून या वाटेला जाऊ नये. पुढच्या हंगामाचे बियाणे, खत आणि मुलांची फी बाजूला काढून जे उरेल, त्यात बसत असेल तरच जावे. आधार किंवा मतदानाचे ओळखपत्र लहानथोर सर्वांचे बरोबर असू द्या. घरात गर्भवती असेल तर आधी चौकशी करा, महिने भरत आलेल्या बाईला बोटीवर घेत नाहीत.

त्या पाच माणसांच्या घराने शेवटी दोन खोल्या घेतल्या. समोरासमोर, खालच्या मजल्यावर, मध्याला. खिडकीच्या खोलीत आजी आणि सून खालच्या पलंगांवर, नात वरच्या फळीवर. आतल्या स्वस्त खोलीत बाप-लेक. दिवसा खिडकी सगळ्यांचीच. दोन्ही खोल्या खिडकीच्या घेण्यापेक्षा यात बरेच पैसे वाचले. आजीसाठी नवा कपडा म्हणून नातवाने इरकली लुगडे घेतले आणि पंजाबी ड्रेस नातीच्या वाट्याला गेला.